साउथ वॉर्नबरोच्या गावकऱ्यांना, सांगली जिल्ह्यातून

स. न. वि. वि.

तुमची-माझी ओळख नाही, व्हायची शक्यताही नाही. तुमचं गाव इंग्लंडात हॅम्पशायरमध्ये, माझं सांगली जिल्ह्यात. मी इथल्या एका पतसंस्थेत कॅशियर आहे. परवा कॅशमधल्या तुटीबद्दल माझ्यावर ठेवलेला ठपका निघाल्याचं पत्र हातात पडलं आणि घरच्यांच्या पाठोपाठ आठवलात ते तुम्ही. म्हटलं, आभार मानायचेच तर चारचौघांत मानावेत. मराठीतच लिहितेय. तुम्हाला कुणी वाचून दाखवलं तर उत्तमच, पण खरं सांगायचं तर इथल्याही काही जणांनी हे वाचावं अशी माझी इच्छा आहे.

तुमच्या जो हॅमिल्टनची गोष्ट तुम्हाला मी काय सांगणार? पण इथल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. गावातलं दुकान आणि त्यातलंच पोस्ट ती चालवायची. तिकडे असं छोटं पोस्ट चालवणारा माणूस सरकारी नोकर नसतो, करारावर काम घेतलेला दुकानदार असतो आणि हिशेबात आलेली तूट तेव्हा त्याला खिशातून भरायला लावायचे. १९९९पासून पोस्टात ‘होरायझन’ नावाची संगणक प्रणाली आली, फुजित्सू या जपानी कंपनीच्या मालकीच्या कंपनीने केलेली. आणि पोस्टापोस्टांतून पैसे कमी दिसायला लागले. जोला एकदा दोन हजार पौंडांची तूट दिसली. तिने हेल्पलाइनला फोन केला, पलीकडून सांगतील तशी बटणं दाबली आणि डोळ्यांदेखत दोनाचे चार हजार झाले. होता होता आकडा ३६ हजारांवर गेला. घर गहाण पडलं. शेवटी, चोरीचा आरोप मागे घेतो, खोटे हिशेब लिहिल्याचं कबूल कर आणि पैसे भर, असा सौदा पुढे आला. तुरुंगाच्या भीतीने तिने तो मान्य केला.

हेल्पलाइनवर तिला काय सांगायचे? असा त्रास तुम्हालाच होतोय, बाकी कुणाची तक्रार नाही. हेच वेल्समधल्याला, हेच यॉर्कशायरमधल्याला. शेकडो माणसं आपापल्या काउंटरमागे रात्री उशिरापर्यंत नोटा मोजत बसलेली आणि प्रत्येकाला वाटायचं, आपणच तेवढे अडाणी. मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत नीच गोष्ट हीच वाटते. सॉफ्टवेअर चुकतं, चुकू शकतं. पण माणसाला मुद्दाम एकटं पाडणं हे काही सॉफ्टवेअर करत नाही.

आणि म्हणूनच तुमचे आभार.

फेब्रुवारी २००८मध्ये विंचेस्टरच्या कोर्टात तिला शिक्षा सुनावायची होती, त्या दिवशी तुम्ही गेलात. एकदोघं नव्हे, सत्तरएक माणसं. कामाचा दिवस बुडवून, थंडीत. गावाच्या धर्मगुरूंनी तिच्या बाजूने दोन शब्द सांगितले. पैसे भरायला गावाने वर्गणी काढली होती. तिने तर गुन्हा कबूल केला होता. कागदोपत्री ती दोषीच होती आणि होरायझन सदोष आहे हे सिद्ध व्हायला अजून अकरा वर्षं जायची होती. म्हणजे तुमच्या हातात पुरावा असा काहीच नव्हता. ही बाई रोज आपल्याला पाव देते, आपल्या म्हातारीचं पेन्शन मोजून देते, ती चोर नाही, एवढंच तुम्हाला माहीत होतं. तेवढ्यावर तुम्ही कोट चढवलेत आणि निघालात. तिला तुरुंगात जावं लागलं नाही. त्यात तुमच्या गर्दीचा वाटा किती ते न्यायाधीशच जाणोत, पण मागे वळून पाहिल्यावर तिला अख्खं गाव दिसलं असेल ना, मी तिथेच अडकते. कितीदा तरी डोळ्यांसमोर आणलंय मी ते.

कारण माझ्या चौकशीला मागे वळून पाहिलं तेव्हा भिंतीवर संस्थापकांचा फोटो होता, बाकी कुणी नाही.

आमच्याकडे पिग्मी एजंटांना, म्हणजे रोजची बचत दारोदार गोळा करणाऱ्यांना, मोबाइल अॅप दिलं आणि त्यानंतर कॅश टॅली होईना. एजंटाची भरणा चिठ्ठी एक बोलायची, स्क्रीन दुसरंच. शॉर्टेज माझ्या नावावर. रात्री डे-एंड, म्हणजे दिवसाचा हिशेब बंद करताना नोटांची पुडकी सोडायची, पुन्हा मोजायची, रबर लावायचं, पुन्हा सोडायची. बोटं काळी व्हायची. सॉफ्टवेअरवाल्यांना फोन केला की उत्तर ठरलेलं: मॅडम, सिस्टीम ओके आहे, बाकी शाखांची काही कंप्लेंट नाही. मग एके दिवशी मला संचालकांच्या खोलीत बोलावलं. टाइप केलेला कागद पुढे सरकवला. सदर रक्कम मी वैयक्तिक कारणासाठी वापरली असून ती हप्त्यांनी भरण्यास तयार आहे. ‘सही करा ताई, घरातली गोष्ट घरात मिटवू,’ चेअरमन म्हणाले. चहा मागवला होता माझ्यासाठी!

त्याच्या थोडंच आधी, २०२४च्या जानेवारीत, रेडिंगला राहणाऱ्या माझ्या भाचीचा फोन आला होता. ‘मावशी, तुझ्यासारखंच इथे शेकडो लोकांचं झालंय गं, सध्या टीव्हीवर तेच चाललंय.’ तिने जोबद्दल सांगितलं, तुमच्याबद्दल सांगितलं. ‘आणि मावशी, काही झालं तरी सही करू नकोस,’ हे तीनदा बजावलं. तो कागद समोर आला तेव्हा मला जोची सही आठवली. मी म्हटलं, सही करत नाही, मला सर्व्हरचा लॉग दाखवा, म्हणजे कोणती एंट्री कधी पडली त्याची संगणकातली नोंद. लॉग हा शब्दही भाचीकडूनच शिकलेला. खोलीत एकदम शांतता झाली आणि चेअरमनसाहेबांनी स्वतःच तो चहा पिऊन टाकला.

पुढचं किचकट आहे, सोडून देते. रेंज गेली की एंट्री दोनदा पडायची, एवढंच निघालं शेवटी.

तुमच्याकडेही शेवटी निघालंच की. पण कसं, ते आमच्या लोकांना कळायला हवं. २००९च्या मे महिन्यात ‘कॉम्प्युटर वीकली’ने सात जणांच्या कहाण्या छापल्या. पोस्ट ऑफिसने सिस्टीम भक्कम असल्याचं सांगून टाकलं. त्याच वर्षी, स्वतःही पूर्वी पोस्ट चालवणाऱ्या अॅलन बेट्स यांनी फेनी कॉम्प्टन नावाच्या गावातल्या सभागृहात अशा माणसांना एकत्र बोलावलं, तेव्हा कुठे त्यांना कळलं की आपण एकटे नाही. २०१५मध्ये बीबीसीवर फुजित्सूच्याच एका जुन्या कर्मचाऱ्याने सांगितलं की शाखेतल्या माणसाच्या नकळत बाहेरून हिशेबात हात घालता येतो. तरी पोस्ट ऑफिस आपलं म्हणणं सोडेना. ५५५ जण कोर्टात गेले. डिसेंबर २०१९मध्ये न्यायमूर्ती फ्रेझर यांनी निकाल दिला आणि पोस्ट ऑफिसचा हेका म्हणजे एकविसाव्या शतकात पृथ्वी सपाट आहे म्हणण्यासारखा आहे, असं सुनावलं. २३ एप्रिल २०२१ला जोसह ३९ जणांवरचा दोष पुसला गेला. आणि फुजित्सू? टीव्हीवर मालिका लागली, घराघरांत लोक संतापले, तेव्हा कंपनीचे युरोपचे प्रमुख पॉल पॅटरसन जानेवारी २०२४मध्ये खासदारांच्या समितीपुढे बसून बोलले: दोष होते, खटल्यांना आम्ही मदत केली, माफी मागतो, भरपाईत वाटा उचलणं हे आमचं नैतिक कर्तव्य आहे. पंचवीस वर्षांनी. बरं, मागितली ती माफी मी खोटी म्हणत नाही. पण कॅमेरे लागल्यावर मागितलेली माफी आणि कॅमेरे नसताना कोर्टात जाऊन बसणं यांतलं अंतर मी रोखपाल असूनही मोजू शकत नाही.

सगळीकडे तुमच्यासारखी माणसं नव्हती हेही ऐकलंय. वेस्ट बायफ्लीटच्या सीमा मिश्रा, आपल्या भारतातल्या. ७४ हजार पौंड चोरल्याचा आरोप. नोव्हेंबर २०१०मध्ये मुलाच्या दहाव्या वाढदिवशी १५ महिन्यांची शिक्षा झाली, तेव्हा त्या गरोदर होत्या. बातमी छापून आल्यावर लोकांनी त्यांच्या नवऱ्याला मारहाण केली. देश तोच, सॉफ्टवेअर तेच. चौकशी आयोगाच्या २०२५च्या अहवालात लिहिलंय की या प्रकरणापायी किमान १३ जणांनी जीव दिला असावा. या प्रत्येकाच्या मागे सत्तर माणसं उभी राहिली असती तर काय झालं असतं, असं मनात येतं आणि मी ते झटकून टाकते, कारण उत्तर कुणालाच देता येणार नाही.

आमच्या गल्लीचंही थोडं सांगते. माणसं वाईट नाहीत हो. माझ्या सासूबाईंच्या आजारपणात आलटून पालटून डबा देणारी हीच माणसं. पण पैशाची भानगड म्हटली की सगळे दोन पावलं मागे सरतात. ‘काहीतरी असल्याशिवाय का उगाच नाव येतं?’ हे वाक्य मी दळणाच्या रांगेत माझ्या कानांनी ऐकलं. वर्षानुवर्षं माझ्या काउंटरवर पासबुक टाकून ‘ताई, तुम्हीच बघा’ म्हणून निर्धास्त जाणारे सभासद अचानक बाजूच्या खिडकीत उभे राहू लागले. भांडण कुणीच केलं नाही. पूर्वी वाटायचं, चांगुलपणा म्हणजे कुणाचं वाईट न करणं. आता तेवढ्याने माझं भागत नाही. आपलं काही अडलेलं नसताना, उलट चार लोक नावं ठेवतील हे माहीत असताना, दुसऱ्यासाठी जाऊन बाकावर बसायचं, ह्याला काय लागतं? ना पद, ना पैसा, ना संगणकाचं ज्ञान. अर्धा दिवस रजा आणि थोडी जिगर. तेवढंही आमच्या संस्थेच्या हजारभर सभासदांत एकाला जमू नये?

एक अपवाद सांगायलाच हवा, नाहीतर कृतघ्न ठरेन. भाजीवाल्या मावशींनी पिग्मीच्या सगळ्या पावत्या एका पिशवीत जपून ठेवल्या होत्या. ती पिशवी त्यांनी आपणहून ऑडिटरसमोर आणून ओतली आणि ‘पोरीचं काय असेल ते नीट बघा’ म्हणून दम दिला. त्या तुमच्या गावात शोभल्या असत्या.

तर मंडळी, मनापासून आभार. जोला माझा नमस्कार सांगा. इकडे कधी आलात तर घर तुमचंच आहे, भाकरी आणि खर्डा खायची तयारी ठेवा.

आणि चेअरमनसाहेब, हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणारच, म्हणून जाता जाता. ‘हिशेबातील फरक तांत्रिक स्वरूपाचा असल्याचे निष्पन्न झाले, सबब विषय संपविण्यात येत आहे’, हे तुमचं पत्र मिळालं. त्यात माझं नावसुद्धा नाही. ठपका ठेवताना नोटीस बोर्डावर ते मोठ्या अक्षरात होतं. येत्या वार्षिक सभेत, सभासदांसमोर, माइकवरून नाव घेऊन सांगा. मी पहिल्या रांगेत बसणार आहे, आणि भाजीवाल्या मावशी माझ्या शेजारी.

कळावे, लोभ असावा.

आपली,
काउंटर नंबर दोनची कॅशियर