‘सेट होईल’ म्हणण्याआधी क्लच तपासा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

नवा क्लच बसवल्यावर गाडीत काही खटकलं की मालकाला बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: ‘नवीन आहे, सेट होईल.’ हे फक्त एकाच तक्रारीबद्दल खरं आहे. गाडी उचलताना जाणवणारी हलकी थरथर क्लच प्लेटचं लायनिंग (घर्षणाचा थर) फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनासोबत फिरणाऱ्या जड चाकावर, नीट बसलं की पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये जाऊ शकते. गिअर न पडणं, क्लच स्लिप होणं, आवाज येणं यांतलं काहीही आपोआप सेट होत नाही. गाडी तशीच चालवत राहिलात तर नवी प्लेट जळू शकते.

गिअर पडत नसेल तर आधी इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून पाहा. तेव्हाही अडत असतील तर क्लचला हात लावू नका. गिअरबॉक्स उतरवताना सोडलेली गिअर केबल किंवा लिंकेज बहुधा नीट जोडलेली नसते. बंद इंजिनवर सहज पडणारे गिअर चालू इंजिनवर खरखरत असतील, तर क्लच पूर्ण सुटत नाही. खात्रीसाठी इंजिन आयडलला ठेवून पेडल तळापर्यंत दाबा, दहापर्यंत आकडे मोजा आणि मग रिव्हर्स टाका. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोनायझर (गिअर पडण्याआधी दोन्ही भागांचा वेग जुळवणारा भाग) नसल्यामुळे दोष तिथे चटकन कळतो.

क्लच हायड्रॉलिक, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणारा, असेल तर आता पेडल भराभर चार-पाच वेळा दाबा. तेवढ्याने गिअर पडला तर लाइनमध्ये हवा आहे किंवा मास्टर (पेडलकडचा) आणि स्लेव्ह (गिअरबॉक्सकडचा) यांपैकी एक सिलिंडर दाब धरत नाही. गाडी केबलवर चालणारी असेल तर पेडलचा प्ले (मोकळी हालचाल) मोजा. हायड्रॉलिक गाडीत स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या बाहेर असेल तर दुसऱ्याला पेडल दाबायला सांगून दांडी किती सरकते ते पाहा. ती मॅन्युअलमधल्या मापाइतकी सरकत असूनही क्लच सुटत नसेल, तेव्हाच गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा. आत बहुधा पुढच्यांपैकी एखादी चूक सापडते: प्लेट उलटी बसलेली, क्लच सोडवणारा फोर्क वाकलेला, किंवा बसवताना गिअरबॉक्सचं वजन त्याच्या शाफ्टवर लटकल्याने प्लेट वाकलेली. प्लेट उलटी असेल तर पहिल्या स्टार्टपासूनच गिअर पडत नाही आणि कितीही ॲडजस्ट केलं तरी फरक पडत नाही.

स्लिपची परीक्षा वरच्या गिअरमध्ये, चढावर घ्या. रेस वाढते पण वेग वाढत नाही, तर स्लिप नक्की. केबल जास्त ताणलेली आहे का ते आधी पाहा. हायड्रॉलिक क्लच असेल तर स्लिप होत असतानाच गाडी थांबवून ब्लीड निपल (लाइनमधली हवा काढायचं तोंड) क्षणभर सैल करा. स्लिप थांबली तर दाब लाइनमध्ये अडकून राहतोय. अशा वेळी मास्टर सिलिंडरच्या दांडीला प्ले आहे का ते तपासा. हे सगळं ठीक असेल तर प्लेटवर ऑइल आलं असण्याची शक्यता मोठी: इंजिनाच्या मागच्या सीलमधून गळलेलं, किंवा स्प्लाइनला (प्लेट ज्यावर सरकते त्या शाफ्टच्या खाचांना) लावलेलं जास्तीचं ग्रीस. स्प्लाइनला ग्रीसचा पातळ थर पुरतो. उरलेलं फिरताना उडून लायनिंगवर जातं.

आवाज मात्र कधी येतो ते नीट ऐकायला हवं. न्यूट्रलला पेडल दाबल्यावर सुरू झाला तर दोष रिलीज बेअरिंगचा, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगचा. पाय काढल्यावर येतो आणि दाबल्यावर थांबतो, तर बहुधा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग; क्लच पुन्हा बदलून ते जाणार नाही.

गाडी उचलतानाची थरथर, झटके थांबत नसतील तर दोन प्रश्न विचारा: फ्लायव्हील तपासलं होतं का, आणि गिअरबॉक्स इंजिनावर सरळ बसवणाऱ्या डॉवेल पिना जागेवर आहेत का? निळे-काळे डाग किंवा तडे असलेल्या फ्लायव्हीलवर नवी प्लेट बसवणं म्हणजे काम अर्धवट ठेवणं. डॉवेल पिन राहिली तर गिअरबॉक्स किंचित तिरका बसतो, आणि हे बाहेरून दिसत नाही. इंजिन माउंटिंगही हलवून पाहा.

आमची गॅरेजवाल्यांना विनंती आहे की फ्लायव्हील घासलं की बदललं, मागचं सील नवं घातलं की जुनंच ठेवलं, हे बिलावर लिहावं. मालकांनीही जुनी प्लेट आणि प्रेशरप्लेट (प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारा भाग) मागून घ्यावी. लायनिंग कुठे ऑइलने भिजलंय आणि कुठे एकाच बाजूने झिजलंय, हे त्यावर दिसतं, आणि दुसऱ्यांदा गिअरबॉक्स उतरवायची वेळ आलीच तर शोध तिथूनच सुरू करता येतो.

आपले,
मोटार दुरुस्तीच्या कामातले काही वाचक