बापूस पत्र: मदिनाचे पूल

अदेंटा, अक्रा
रविवार, दुपार

प्रिय बापू,

तुझं पत्र चार दिवस खिशात घेऊन फिरतोय. शाळेसमोर भुयारी मार्ग हवा म्हणून तुम्ही सह्या गोळा केल्या आणि ‘तिथे अजून तेवढे अपघात झालेले नाहीत’ असं उत्तर आलं. ते वाचून मला झोप लागली नाही. कारण मी राहतो त्या रस्त्यावर हेच घडून गेलंय.

मदिना आणि अदेंटा ही अक्राची उपनगरं. त्यांना जोडणारा हा रस्ता घानाच्या नकाशात एन ४, म्हणजे चार नंबरचा राष्ट्रीय महामार्ग. आपला पुणे-बंगळूर रस्ताही पूर्वी चार नंबरचाच होता ना! रस्ता रुंद झाला, गाड्या सुसाट सुटल्या. पण बाजार एका अंगाला, शाळा आणि घरं दुसऱ्या अंगाला. पादचारी पुलांचे खांब उभे राहिले आणि काम तिथेच थांबलं. कित्येक वर्षं ते खांब तसेच होते आणि माणसं त्यांच्या शेजारूनच जीव मुठीत धरून पळत होती. नोव्हेंबर २०१८ मध्ये एक शाळकरी मुलगी गाडीखाली गेली, तेव्हा लोकांचा संयम सुटला. रस्त्यावर टायर पेटले, पोलिसांनी अश्रुधूर सोडला. त्यानंतर मात्र रखडलेलं काम भराभर हललं आणि पुढच्या वर्षी पूल उभे राहिले. पैसा नव्हता, अडचणी होत्या, असं कोणी सांगितलं तर आता माझा विश्वास बसत नाही.

इथे आलो त्या पहिल्या आठवड्यात मीही वाचलो तो थोडक्यात. सवयीने उजवीकडे बघितलं, रस्ता मोकळा दिसला, पाय टाकला. गाडी आली डावीकडून. भाजलेली केळी विकणाऱ्या एका बाईने शर्टाला धरून मागे ओढलं. ‘कोसे, कोसे’ म्हणत ती कितीतरी वेळ माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. सांत्वनाचा शब्द आहे तो. इथेही पूर्वी आपल्यासारखी डावीकडूनच वाहतूक होती, इंग्रजांची पद्धत. पण शेजारी टोगो, आयव्हरी कोस्ट वगैरे फ्रेंच वळणाचे देश, सगळे उजवीकडून चालणारे. म्हणून ४ ऑगस्ट १९७४ रोजी अख्खा देश उजवीकडे वळवला. त्याआधी लोकांना ‘निफा, निफा’ म्हणजे ‘उजवीकडे, उजवीकडे’ असं घोकायला लावलं होतं. एवढ्या मोठ्या बदलाची इतकी तयारी करणारा देश सहा पुलांसाठी इतकी वर्षं का थांबला, याचं मला फार वाईट वाटतं.

कामावर मी ट्रोट्रोने जातो. आपली वडापच समज. परदेशातून आलेल्या जुन्या मालवाहू व्हॅनमध्ये बाकडी जोडलेली असतात. दारात लोंबकळणाऱ्या पोराला ‘मेट’ म्हणतात. बोट गोल फिरवत ‘सर्क, सर्क, सर्क’ असा तो ओरडला की गाडी सर्कलला, म्हणजे अक्रातल्या क्वामे न्क्रुमा सर्कल या मोठ्या चौकाकडे चालली. सीटचे पट्टे बहुतेक गाड्यांत नसतातच. ताशी ५० किलोमीटरची मर्यादा वस्तीत आहे, पण गिऱ्हाईक दुसऱ्या गाडीने उचलू नये म्हणून चालक पळवतो. दिवसाचा ठरलेला हिशेब मालकाला द्यायचा, उरेल ते याचं आणि मेटचं. मला त्याचा राग येत नाही. घाई त्याच्या पोटाशी बांधलेली आहे.

बंद पडलेल्या ट्रकमागे इथेही झाडाच्या फांद्या टाकतात, अगदी आपल्या घाटातल्यासारख्या. नियम खरं तर मागे चमकता त्रिकोण ठेवायचा आहे. आणखी एक अपघात सांगतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये इथल्या किंताम्पो गावाजवळ प्रवासी बस आणि टोमॅटोचा ट्रक समोरासमोर धडकले, साठहून जास्त माणसं गेली. टोमॅटोचा ट्रक म्हटल्यावर मला आपल्याकडचे रात्रीचे टेम्पोच डोळ्यांसमोर येतात.

आता तुझ्या अर्जाविषयी, मनापासून सांगतो. नुसतं ‘पूल द्या’ किंवा ‘भुयार द्या’ लिहू नकोस. मदिनाला पूल झाल्यावरही बरीच माणसं खालूनच पळत होती. पोलिसांनी धरपकड केली तरी. डोक्यावर ओझं आणि पाठीवर लेकरू घेऊन बायकांनी एवढ्या पायऱ्या चढायच्या कशा? तेव्हा जागा तुम्ही दाखवा. माणसं आज कुठून ओलांडतात ते सकाळी साडेसहा ते साडेआठ उभं राहून मोज, कागदावर लिही. शाळेच्या फाटकापासून किती पावलं तेही टाक. भुयार दिलंच तर दिवे आणि पाणी निघायची सोय आधीच लिहून घ्या, नाहीतर पावसाळ्यात तिथे म्हशी डुंबतील आणि पोरं वरूनच जातील.

आणि एक. नानांनी अंधारात दूध घालायला पलीकडे जाऊ नये. ऐकत नाहीत हे मला माहीत आहे, पण निदान दिवाळीत मी पाठवलेली पांढरी बंडी घालायला सांग आणि बॅटरी हातात दे. मी आलो की मीच त्यांना नेऊन आणीन.

वहिनींना नमस्कार. मोजणी झाली की आकडे लगेच कळव.

तुझाच,
आण्णा