जुने फर्निचर आधी उलटे करून पाहा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जुने फर्निचर दुरुस्त करून विकणे हा आम्हा पती-पत्नीचा व्यवसाय आहे. जुन्या वस्तूंना घरच्या घरी नवे रूप देण्याचे सल्ले हल्ली जागोजागी वाचायला मिळतात. मशीनने घासा, वर पीयू (पॉलियुरेथेनचे वार्निश) मारा, सैल सांध्यात भरपूर गोंद भरा. अशी सुधारलेली खुर्ची पुढे पुन्हा डगमगू लागली की दुरुस्त करणाऱ्याच्या हाती फार थोडे उरते. आमचे म्हणणे एवढेच आहे की दुरुस्ती पुढच्या माणसाला सोडवून पुन्हा करता यावी, आणि विकणाऱ्याने ती लपवू नये.

या धंद्यातला दिवस वाळण्याच्या वेळांवर बेतावा लागतो. सकाळी पहिले काम सरस, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला दाणेदार गोंद, भिजत घालण्याचे. वजनाने एक भाग दाण्यांना दोन भाग गार पाणी. दोन-तीन तासांत दाणे फुगले की ते भांडे दुसऱ्या गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून ६० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवायचे. सरस उकळला की त्याची पकड जाते, म्हणून थर्मामीटर हवाच. ब्रश उचलल्यावर सरसाची न तुटणारी पातळ धार पडली पाहिजे. थेंब थेंब पडला तर पाणी जास्त झाले आहे, लोंबत राहिला तर दाट आहे. दिवसाला लागेल तेवढाच करावा. वारंवार तापवलेला सरस कमकुवत होतो आणि शिळा कुजतो.

बाजारात तयार पांढरा गोंद मिळत असताना ही खटपट कशाला, असे लोक विचारतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचे बहुतेक फर्निचर सरसानेच जोडलेले आहे. सरसावर नवा सरस नीट बसतो, कारण नव्याच्या उष्णतेने आणि पाण्याने जुना थर मऊ होऊन त्यात मिसळतो. पांढरा गोंद मात्र स्वतःच्याच जुन्या थरावर धरत नाही. तो पुन्हा लावायचा तर आधीचा खरवडून काढावा लागतो, आणि त्या खरवडण्यात लाकूडही जाते. दोन-तीन वेळा असे झाले की खाचेत घट्ट बसणारे कुसू, म्हणजे लाकडाच्या टोकाला कोरलेली जीभ, खुळखुळू लागते. इपॉक्सीने, म्हणजे दोन घटक मिसळून लावायच्या कडक गोंदाने, तर सांधा कायमचा बंद होतो. पुढचा धक्का बसला की सांधा सुटण्याऐवजी शेजारचे लाकूड चिरते. सरसाचा सांधा धक्क्याने सुटतो, हा त्याचा दोष मानला जातो. आमच्या मते तोच त्याचा मोठा गुण आहे. सुटलेला सांधा पुन्हा जोडता येतो, चिरलेला पाय क्वचितच.

सैल खुर्ची उघडण्यापूर्वी प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना कागदी टेप लावून एकच क्रमांक लिहावा. हाताने बनवलेल्या खुर्चीत डावे-उजवे भाग सारखे दिसले तरी एकमेकांच्या जागी बसत नाहीत. मग बॅटरीच्या तिरप्या उजेडात खिळे शोधावेत. लांबीने, म्हणजे भोके बुजवण्याच्या लगद्याने, बुजवलेला छोटा ठिपका दिसला की आत खिळा आहे असे समजावे. तो काढल्याशिवाय हातोडी मारली तर कुसू फाटते. सांधा हटून बसला असेल तर सिरिंजने स्पिरिटचे काही थेंब आत सोडून थोडे थांबावे. स्पिरिट जुन्या सरसातले पाणी ओढून घेते, तो ठिसूळ होतो आणि रबरी हातोडीच्या हलक्या ठोक्याने सुटतो. सांध्याजवळ लाखेचे पॉलिश असेल तर स्पिरिटने त्यावर डाग पडतो, तिथे गरम पाणी वापरावे. जे सांधे पक्के आहेत त्यांना मात्र हात लावू नये. सगळी खुर्ची सुटी करण्याची हौस महागात पडते.

जुना सरस गरम पाण्याने आणि दातांच्या ब्रशने निघतो. कुसू पॉलिश पेपरने घासायचे नाही, कारण त्याचे माप हाच सांध्याचा प्राण आहे. कोरड्या जोडणीत फट दिसली तर त्याच जातीच्या लाकडाचा रंध्याने काढलेला पातळ पापुद्रा कुसूच्या सपाट बाजूवर सरसाने चिकटवावा, वाळल्यावर पटाशीने बेतावा. फट गोंदाने भरू नये. गोंदाच्या जाड थराला ताकद नसते.

जोडणीच्या वेळी दोन माणसे लागतात, आणि नवरा-बायकोचा हा धंदा चालतो तो बऱ्याच अंशी याच कारणाने. गरम सरस मिनिटा-दोन मिनिटांत थिजू लागतो. एकाने लावायचा, दुसऱ्याने त्याच क्षणी भाग बसवून शिकंजा (क्लॅम्प) आवळायचा. गार दिवसांत लाकडाचे भाग आधी कोमट करून घ्यावेत. क्रमही ठरलेला असतो. आधी पाठीची चौकट, मग पुढच्या पायांची, आणि शेवटी दोन्ही जोडणाऱ्या आडपट्ट्या. शिकंजे आवळताच बैठकीचे दोन्ही कर्ण मोजायचे. फरक असेल तर चौकट तिरकी ओढली गेली आहे, शिकंजा थोडा फिरवून ती सरळ करायची. मग खुर्ची सपाट फरशीवर उभी करायची. एक पाय उचललेला दिसला म्हणून दुसरा करवतणारे आम्ही पाहतो. बहुतेक वेळा दोष पायाचा नसतो, पीळ चौकटीत असतो, आणि सरस ओला असेपर्यंत तो काढता येतो. त्यानंतर २४ तास कुणी बसायचे नाही.

युरोपातले फर्निचर कारखानदार मिखाएल थोनेट यांनी १८५९ साली आणलेली १४ क्रमांकाची खुर्ची या बाबतीत मुद्दाम पाहण्यासारखी आहे. वाफेवर वाकवलेले बीच या लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट. सुट्या भागांत अशा ३६ खुर्च्या एका घनमीटरच्या खोक्यात मावत. ती डगमगली तर स्क्रू आवळायचे, आणि भोक सैल झाले असेल तर तिथे लाकडाची खुंटी बसवून नवे भोक पाडायचे. तिच्या सांध्यांत गोंद ओतणे म्हणजे सुटी करता यावी म्हणूनच घडवलेली वस्तू बंद करून टाकणे.

आता पृष्ठभागाविषयी. घासण्याच्या मशीनने जेवढे नुकसान होते तेवढे वाळवीनेही होत नसेल. लाकडाचा वरचा थर उजेडाने आणि हातांच्या वावराने वर्षानुवर्षे पिकलेला असतो. तो मिलिमीटरहूनही पातळ असतो आणि एकदा गेला की कुठल्याही रंगाने परत येत नाही. व्हिनिअर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पातळ पत्रा, असेल तर धोका आणखी. करवतीने कापलेले जुने व्हिनिअर एक-दीड मिलिमीटर जाड असायचे, नंतरचे कापीव अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. काठावर मशीन क्षणभर टेकले तरी खालचे लाकूड उघडे पडते.

म्हणून आधी काय लावलेले आहे ते ओळखावे. मागच्या पायाच्या आतल्या बाजूला स्पिरिटचा बोळा अर्धा मिनिट टेकवावा. चिकट झाले तर लाखेचे पॉलिश. स्पिरिटने काही झाले नाही पण थिनरने विरघळले तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर बहुधा पीयू. लाखेचे असेल तर ते काढण्याची गरज सहसा नसते. टर्पेंटाइनच्या फडक्याने जुने मेण आणि मळ काढला की निम्मे काम होते. पॉलिशला बारीक भेगांचे जाळे पडले असेल तर पातळ ब्रशने स्पिरिटचा एकच हात द्यावा. जुनी लाख जागच्या जागी मऊ होऊन भेगा मिटतात. तोच ब्रश त्याच जागी पुन्हा फिरवला तर मात्र ती ओढली जाते.

नवे पॉलिश चढवायचे तर एक लिटर स्पिरिटला साधारण १५० ग्रॅम लाखेचे पापुद्रे रात्रभर विरघळवून गाळून घ्यावेत. बाटलीवर तारीख लिहावी. सहा महिन्यांहून जुने द्रावण नीट कडक होत नाही. शंका असेल तर काचेवर एक थेंब टाकून दुसऱ्या दिवशी नखाने दाबून पाहावे. कापसाचा बोळा जुन्या मऊ सुती कापडात बांधायचा, पॉलिश आत कापसाला पाजायचे आणि बोळा चालत्या हाताने टेकवून चालत्या हातानेच उचलायचा. मध्ये थांबला की तो चिकटतो आणि खालचा थर सोलून निघतो. अडू लागला तर तळाला तेलाचा एक थेंब. अगदी दमट दिवशी हे काम करूच नये. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि पॉलिशमध्ये पांढुरकी झाक येते.

गरम भांड्याचे पांढरे वर्तुळ पॉलिशच्या थरात असते. जेमतेम ओलसर, म्हणजे हाताला नुसते गार लागेल इतपत स्पिरिटचे फडके हलके फिरवले की ते बहुधा जाते. काळा डाग वेगळा. तिथे पाणी लाकडापर्यंत पोचून लोखंड आणि लाकडातले टॅनिन हे तुरट द्रव्य यांचा संयोग झालेला असतो, आणि घासून तो जात नाही. पॉलिश काढून एक लिटर गरम पाण्यात सुमारे ७० ग्रॅम ऑक्झॅलिक अ‍ॅसिड, प्लॅस्टिकच्या भांड्यात, आणि ते नुसत्या डागावर न लावता पूर्ण फळीवर. नाहीतर काळ्याच्या जागी फिका ठिपका मिळतो. वाळल्यावर दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने पुसून काढावे. उरलेले स्फटिक कोरडे घासू नयेत, ती धूळ फुप्फुसांना घातक आहे. हातमोजे आणि चष्मा हवेतच.

कीड लागली की नाही हे भोकांवरून ठरत नाही. भोके शंभर वर्षांपूर्वीचीही असू शकतात. वस्तूखाली काळा कागद पसरून दोन-तीन आठवडे तशीच ठेवावी. पिठासारखा फिका भुगा नव्याने पडला तर कीड जिवंत आहे. ती बहुधा झाडाच्या बाहेरच्या फिक्या लाकडात असते, सागाचा गाभा सहसा सोडते. औषध पॉलिशवरून आत शिरत नाही, ते उघड्या लाकडावर आणि भोकांतच द्यावे लागते. जिवंत कीड असलेली वस्तू इतर मालाशेजारी ठेवणे हा आमच्या धंद्यातला अक्षम्य हलगर्जीपणा आहे.

विकत घेणाऱ्यांनी काय पाहावे? चकाकी शेवटी पाहा. आधी खुर्ची उलटी करा, टेबलाखाली वाका, खण पूर्ण बाहेर काढा. खणाच्या कोपऱ्यातले डव्हटेल (कबुतराच्या शेपटीसारखे एकमेकांत अडकणारे दाते) हाताने कापलेले असतील तर त्यांची मापे थोडी थोडी वेगळी असतात. चौफुली खाचेचे स्क्रू १९३०च्या दशकात प्रचारात आले, तेव्हा दीडशे वर्षांचे म्हणून सांगितलेल्या कपाटात ते दिसले तर दुरुस्ती कधी झाली ते विचारा. अखंड लाकडाचे गोल टेबल तंतूंच्या दिशेने आणि त्यांना आडवे असे दोन्हीकडून मोजा. लाकूड आडवे आकसते, उभे जवळजवळ नाही, त्यामुळे खरोखर जुने टेबल आडव्या मापात काही मिलिमीटर कमी भरते. तंतोतंत गोल भरले तर वय सांगणाऱ्याकडे खुलासा मागा. टेबलाची फळी खालून लोखंडी पट्टीने जखडलेली असेल तर तिला आकसायला जागा नाही आणि चीर पडायचीच. स्क्रूंची भोके लांबट असली पाहिजेत.

आमच्या व्यवसायबंधूंना विनंती आहे की प्रत्येक वस्तूबरोबर एक कागद द्यावा. कोणता भाग मूळचा, कोणता नवा, नवा असेल तर कोणत्या लाकडाचा, सांध्यात कोणता गोंद, वर कोणते पॉलिश, कीड होती का आणि काय उपाय केला. तो पाकिटात घालून खणाच्या मागे किंवा बैठकीखाली लावावा. बदललेला पाय सांगितल्याने गिऱ्हाईक किंमत पाडून मागते, हे खरे आहे. तरीही सांगावे. न सांगितलेला पाय त्याला कधी ना कधी दिसतोच, आणि दुरुस्तीची मजुरी मागण्याचा आपला हक्कही त्याच कागदावर उभा असतो. किंमत जास्त का, या प्रश्नाचे उत्तर खुर्ची उघडण्या-जोडण्याच्या तासांत आहे, आणि ते तास वरून दिसत नाहीत.

आपल्याला एक विनंती. घरगुती दुरुस्तीचे सल्ले छापताना दोन इशारे न चुकता सोबत द्यावेत. पहिला, जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून टाकू नयेत. हे तेल वाळताना उष्णता सोडते, बोळ्याच्या आत ती कोंडते आणि फडके आपोआप पेट घेऊ शकते. फडकी बाहेर एकेरी पसरून पूर्ण वाळवावीत किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात बुडवून ठेवावीत. दुसरा, जुन्या रंगाच्या थरांत शिसे असू शकते, विशेषतः १९७०च्या दशकापर्यंतच्या वस्तूंत. असा रंग कोरडा घासू नये, ज्योतीने किंवा हीट गनने जाळू नये, आणि लहान मुले किंवा गरोदर बाई घरात असताना तर अजिबात खरवडू नये. तो ओला ठेवून, खाली प्लॅस्टिक अंथरून काढावा, आणि ते प्लॅस्टिक आतल्या कचऱ्यासकट गुंडाळून बांधून टाकावे.

आपले,
जुन्या फर्निचरची दुरुस्ती व विक्री करणारे एक दांपत्य