मागच्या चाकाचा टायर रिमवरून निघत नसल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : मागच्या चाकात जास्तीची रिम टेप (रिमच्या आतली स्पोकची भोके झाकणारी पट्टी) बसवल्यामुळे टायर न निघणे, आणि त्याबद्दल मिळालेली उडवाउडवीची उत्तरे

महोदय,

आपल्या कंपनीची सायकल मी रोजच्या येण्याजाण्यासाठी वापरते. गिअर, ब्रेक, सीट याबद्दल काही म्हणणे नाही. मागचे चाक पंक्चर झाले आणि टायर रिमवरून काढताच येईना, तिथून ही तक्रार सुरू होते. पंक्चर काढणे मला नवे नाही. हवा पूर्ण सोडली, टायर दोन्ही बाजूंनी दाबून रिमच्या कडेपासून सुटा केला, साबणाचे पाणी लावले. तरीही सायकलसोबत आपणच दिलेला प्लास्टिकचा टायर लिव्हर, म्हणजे टायरची कड उचलायची पट्टी, टोकाशी वाकला आणि कट्कन मोडला. टायर होता तिथेच.

आपल्या ग्राहक सेवेकडून उत्तर आले की टायर नवा आहे म्हणून घट्ट वाटतो, वापरून सैल होईल. नवा टायर थोडा कडक असतो हे मान्य. पण त्याच्या कडेत जी तार असते ती ताणली जाऊ नये म्हणूनच घातलेली असते. ती सैल झाली तर हवा भरल्यावर टायर रिमवरून निसटेल. म्हणजे हे उत्तर खरे ठरले, तर ती माझ्यासाठी आणखी वाईट बातमी!

नंतर आपल्याच अधिकृत सेवा केंद्रात चाक नेले. तिथल्या माणसाने माझ्यासमोर स्क्रू ड्रायव्हर घालून कड उचलायचा प्रयत्न केला. टायर हलला नाही, पण रिमच्या काठाला ओरखडे पडले आणि आतली ट्यूब चिमटून तिला दोन चिरा पडल्या. एका पंक्चरची तीन भोके झाली. यावर कळस म्हणजे वॉरंटीचा अर्ज केल्यावर आपण कळवले की 'धातूचे अवजार वापरल्याचे दिसते, त्यामुळे दावा मंजूर करता येत नाही.' अवजार कोणाच्या हातात होते, हे विचारायचे कष्ट कोणी घेतले नाहीत.

अखेर ओळखीच्या एका जुन्या मेकॅनिकने ते काम केले, तेही दोघांनी मिळून. एकाने टायर सगळीकडून मध्याकडे दाबून धरला, दुसऱ्याने व्हॉल्व्हपाशी कड उचलली. टायर निघाल्यावर खरे कारण डोळ्यांसमोर आले. रिमच्या मधोमध जो खोल चर असतो, त्यात आधी प्लास्टिकची एक पातळ टेप होती आणि तिच्यावर कापडी जाड टेपचा आणखी एक फेरा मारलेला होता. चर जवळजवळ काठोकाठ भरला होता. कापडी टेप एका बाजूला सरकून टायरची कड जिथे टेकते त्या कट्ट्यावरही चढली होती.

हे का महत्त्वाचे, तेही लिहिते, कारण आपल्या उत्तरांवरून ते तिथे कोणाला ठाऊक असावे असे वाटत नाही. टायरची कड रिमच्या काठापेक्षा लहान असते आणि ताणली जात नाही. ती बाहेर येते ती केवळ त्या चरामुळे. एका बाजूला कड चरात खाली उतरवली की समोरच्या बाजूला ढील मिळते आणि तिथून ती काठावरून ओढता येते. चरातली टेप एक मिलिमीटर जाड झाली, तर तिथला व्यास दोन मिलिमीटरने वाढतो आणि घेर सहा मिलिमीटरपेक्षा जास्त. कड अर्ध्याच घेरात चरात उतरते असे धरले, तरी तीन मिलिमीटर ढील गेली. घट्ट टायरच्या बाबतीत तेवढ्यावरच सगळे अडते.

टायरच्या किंवा रिमच्या मापात चूक नाही. दोन्हींवर ६२२ हाच आकडा आहे, म्हणजे टायरची कड जिथे टेकते तिथला व्यास मिलिमीटरमध्ये. पुढच्या चाकाला हाच टायर आणि हीच रिम आहे, पण तिथे फक्त पातळ टेप आहे, आणि तो टायर मी लिव्हरशिवाय, नुसत्या हाताने काढते. मागच्या चाकातली कापडी टेप काढून टाकल्यावर तोही तसाच निघू लागला. खालची पातळ टेप स्पोकची भोके पुरती झाकते, त्यामुळे वरची टेप कोणी आणि कशासाठी लावली हे आपणच शोधावे. जोडणी करताना कोणाची तरी 'असू दे जास्तीची' अशी समजूत झाली असावी, असा माझा अंदाज आहे.

आपल्या पुस्तिकेतले चित्रही चुकीचे आहे. त्यात लिव्हर व्हॉल्व्हच्या बरोबर समोरच्या बाजूला घातलेला दाखवला आहे. व्हॉल्व्हचे बूड चरातच बसलेले असते, त्यामुळे नेमकी त्या जागी कड खाली उतरत नाही. ढील हवी असेल तर समोरची बाजू चरात दाबायची आणि उचलायला सुरुवात व्हॉल्व्हपासून करायची. चित्राप्रमाणे वागणाऱ्या प्रत्येक ग्राहकाचा लिव्हर मोडणार, आणि मग तो स्क्रू ड्रायव्हरकडे वळणार.

माझी मागणी अशी आहे की वॉरंटीचा नकार मागे घेऊन मागची रिम आणि ट्यूब बदलून द्यावी, कारण ओरखडे आपल्या केंद्रात पडले आहेत. मोडका लिव्हर बदलून द्याल तर चांगलेच, त्यावर मी अडून बसणार नाही. मात्र माझ्या सायकलच्या वेळीच जोडलेल्या इतर सायकलींची मागची चाके तपासून घ्यावीत. भर रस्त्यात, अंधारात, एकट्या माणसाचे चाक पंक्चर झाले आणि टायर निघाला नाही, तर खिशातली सुटी ट्यूब आणि पंप दोन्ही कुचकामी आहेत.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर मिळावे. ते चाकाची जोडणी समजणाऱ्या व्यक्तीने लिहिलेले असावे, आधीच तयार असलेला मजकूर चिकटवून पाठवू नये.

आपली,
एक ग्राहक

सोबत : दोन्ही चाकांच्या रिमचे आतून काढलेले फोटो, काढलेल्या कापडी टेपचा तुकडा, सेवा केंद्राची पावती आणि वॉरंटी नाकारल्याच्या पत्राची प्रत.