माती नसलेलं ऑर्किड

महोदय,
चिनी शाईचित्रं छापताना बाजूची अक्षरं आणि लाल शिक्के सर्रास कापले जातात, ते खटकतं. चित्राचा अर्धा जीव तिथेच असतो. चित्रकार झंग सशियाओचं १३०६ सालचं ऑर्किडचं चित्र घ्या. मोजकी लांब पाती, जवळच त्याच्याच हातची कविता, आणि खाली मातीचा मागमूसही नाही. १२७९मध्ये चीनची सोंग राजवट मंगोलांपुढे संपली. मातीच परक्यांनी नेली, तर रोप रुजणार कुठे? ऑर्किड म्हणजे सज्जनाची खूण, हे तिथल्या जाणकाराला सांगावं लागत नसे. आपल्याला लागतं. तेव्हा चित्र अख्खं छापा आणि खाली दोन ओळींची टीप द्या. जागा नसेल तर एखादी जाहिरात आखडा!

– एक वाचक, पुणे