खोडदच्या तबकड्यांनी काय पाहिले?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पुणे-नाशिक रेल्वेमार्ग जीएमआरटीमुळे, म्हणजे खोडदच्या मोठमोठ्या तबकड्यांनी आकाशातल्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या दुर्बिणीमुळे, वळवण्याची चर्चा सुरू झाल्यापासून ‘त्या तबकड्यांचा उपयोग तरी काय?’ हे वाक्य जुन्नर तालुक्यात पारावर, बाजारात सारखे ऐकू येते. रेल्वे मलाही हवी आहे. नारायणगावच्या टोमॅटोला ती मिळाली तर कोणाला नको? पण या प्रश्नाचे एक चांगले उत्तर आपल्याकडे आहे आणि ते फारसे कोणी सांगत नाही.

२५ एप्रिल १९९८ रोजी उपग्रहांनी गॅमा किरणांचा एक स्फोट टिपला. पाठोपाठ त्याच जागी सुपरनोव्हा, म्हणजे मरणाऱ्या ताऱ्याचा स्फोट, दिसला. गॅमा किरण स्फोट आणि ताऱ्याचा मृत्यू यांचा संबंध तिथे प्रथम नजरेस आला. जागा होती सुमारे १२ कोटी प्रकाशवर्षे दूरची एक छोटी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा समूह. लांब चालणारे स्फोट बहुधा अशाच लहान, निळसर, नवे तारे घडवणाऱ्या आणि जड मूलद्रव्ये कमी असलेल्या दीर्घिकांत होतात. असे स्फोट घडवणारे अवजड तारे काही दशलक्ष वर्षांतच संपतात, त्यामुळे जन्मले त्याच्या आसपासच मरतात. (१७ ऑगस्ट २०१७चा आखूड स्फोट मात्र दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीचा होता आणि त्याची दीर्घिका म्हातारी, तारे जवळजवळ न घडवणारी होती.)

पण त्या छोट्या दीर्घिकेत असे तारे घडलेच का? त्यासाठी तिच्यातला हायड्रोजन वायू पाहायला हवा. त्याच्या रेडिओ लहरी आपल्यापर्यंत १४०८ मेगाहर्ट्झच्या आसपास पोहोचतात, आणि त्या अतिशय क्षीण असतात. २०१५ साली शास्त्रज्ञांनी त्या पकडल्या, त्या खोडदच्या जीएमआरटीने! गॅमा स्फोटाच्या दीर्घिकेतला असा वायू थेट दिसण्याची जगातली ती पहिली वेळ. ही दीर्घिका दक्षिण आकाशात इतकी खाली आहे की आपल्याकडून ती क्षितिजावर जेमतेम १८ अंश चढते. जीएमआरटी त्याहून फार खाली वळतही नाही. पुढे २०१९मध्ये याच दुर्बिणीच्या निरीक्षणांतून वायूचे कडे दिसले. शेजारची दीर्घिका हिच्यावर आदळली असावी, वायू दाबला गेला असावा आणि त्यातून अवजड तारे उपजले असावेत, असा निष्कर्ष निघाला.

आता एवढ्या क्षीण लहरी ऐकायच्या, तर भोवती शांतता हवीच, हे उघड आहे. किती हवी, यावर मात्र वाद होऊ शकतो आणि व्हावाही. म्हणून माझी मागणी साधी आहे: विजेवर धावणारी गाडी किती अंतरावरून किती रेडिओ गोंगाट करते, कोणत्या लहरींवर करते आणि तो रोखण्याचे कोणते उपाय तपासले, हे आकडे रेल्वेने व दुर्बिणीच्या शास्त्रज्ञांनी मराठीत छापून ग्रामसभांपुढे ठेवावेत. आपल्या दैनिकाने ते मागून घ्यावेत.

आपला,
एक वाचक, नारायणगाव