बनावट खाते : आधी पुरावा, मग रिपोर्ट

महोदय,

गायिका आशा भोसले यांचे नाव आणि आवाज परवानगीविना वापरण्यास मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये मनाई केली. त्याआधी २०२४ मध्ये याच न्यायालयाने अरिजित सिंग यांनाही तसे संरक्षण दिले होते. अशा बातम्यांमुळे आपल्या नावाचे रक्षण करण्याचा हक्क नामवंतांपुरताच आहे, असा समज होतो. तो चुकीचा आहे. नामवंतांच्या दाव्यात प्रश्न बहुधा नावाच्या बाजारमूल्याचा असतो. एखाद्या शिक्षिकेच्या किंवा डॉक्टरच्या नावाने खाते उघडून कोणी पैसे मागू लागला, तर ती तोतयेगिरी आहे आणि तिच्यासाठी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही. तरीही अशा तक्रारी अडतात, कारण बहुतेकदा कामाचा क्रमच चुकलेला असतो.

बनावट खाते दिसले की लोक पहिला निरोप पाठवतात, ‘सगळ्यांनी रिपोर्ट करा.’ खाते बंद होते, पण पुरावाही डोळ्यांआड जातो आणि तोतया दुसरे खाते उघडून मोकळा होतो. म्हणून रिपोर्टच्या आधी खात्याची पूर्ण लिंक कॉपी करून ठेवावी. वर दिसणारे नाव आणि फोटो कधीही बदलता येतात. तपासाला उपयोगी पडते ते लिंकमधले युजरनेम किंवा खात्याचा क्रमांक. स्क्रीनशॉट कापू नये, त्यात तारीख-वेळ दिसली पाहिजे. ज्या ओळखीच्यांकडे पैसे मागितले गेले, त्यांनी ते संभाषण स्वतःच्या फोनमध्ये तसेच ठेवावे आणि फोन फॉरमॅट करू नये किंवा विकू नये. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत दोन भागांचे प्रमाणपत्र लागते. एक भाग पुरावा सादर करणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश मूल्य (फाइलचा डिजिटल ठसा) नोंदवायचे असते. मूळ फोन हाताशी नसेल तर हे प्रमाणपत्र देणे कठीण होते.

पैसे गेले असतील तर मात्र आधी १९३० या सायबर फसवणूक मदत क्रमांकावर फोन करावा, बाकी सगळे नंतर.

यानंतर समाजमाध्यम कंपनीकडे तक्रार करावी. नुसते रिपोर्टचे बटण दाबून थांबू नये, तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी. त्याचे नाव आणि संपर्क वेबसाइटवर किंवा ॲपमध्ये देणे कंपनीवर बंधनकारक आहे. तक्रारीत माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ मधील नियम ३(२)(बी) चा उल्लेख करून ‘माझ्या नावाने तोतयेगिरी’ असे स्पष्ट लिहावे. या प्रकारासाठी नियमांनी सुरुवातीलाच २४ तासांची मुदत घातली; साध्या तक्रारीसाठी ती १५ दिवस होती. हीच तक्रार ‘स्पॅम’ म्हणून नोंदवली तर ती साध्या तक्रारींच्या रांगेत जाते. पीडित व्यक्तीच्या वतीने दुसऱ्यानेही तक्रार केलेली चालते. उत्तर समाधानकारक नसेल तर ३० दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येते. ही सोय २०२३ पासून सुरू आहे, पण फार थोड्यांना ठाऊक आहे.

पोलिसांकडे जाताना कलमांचा पेच समजून घ्यावा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६क (सी) दुसऱ्याची सही, पासवर्ड किंवा ‘एकमेव ओळखचिन्ह’ वापरण्याबद्दल आहे. एकाच नावाची अनेक माणसे असतात, त्यामुळे नुसते नाव यात बसते का, यावर ठाण्यातच वाद सुरू होतो. कलम ६६ड (डी) संगणकाच्या आधारे तोतयेगिरी करून केलेल्या फसवणुकीचे. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. पैसे मागितले असतील तर ६६ड आणि भारतीय न्याय संहितेचे कलम ३१९ लागू होते. पैशांचा विषय नसून आपल्या नावाने खोटा मजकूर लिहून बदनामी केली असेल, तर याच संहितेच्या कलम ३३६(४) आणि ३५६ कडे लक्ष वेधावे. गुन्हा नोंदवून घेतला नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी जावे, तेथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे. अर्थात आपल्याच नावाच्या दुसऱ्या माणसाने स्वतःचे खाते उघडले, किंवा बातमीत वा टीकेत आपले नाव आले, तर तो गुन्हा नव्हे.

कोणी आपल्या नावाची वेबसाइट नोंदवली असेल तर त्याचा मार्ग निराळा. अरुण जेटली यांच्या नावाच्या डोमेनबाबत (वेबसाइटच्या पत्त्याबाबत) दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ मध्ये व्यक्तिनामालाही संरक्षण मिळते, असा निकाल दिला. ‘डॉट इन’ डोमेनच्या वाद निवारण धोरणात ट्रेडमार्कच्या बरोबरीने ‘नाव’ हा शब्दही आहे. ‘डॉट कॉम’साठीच्या आंतरराष्ट्रीय धोरणात तो नाही, तिथे नावावर ट्रेडमार्कसारखा हक्क सिद्ध करावा लागतो. व्यवसाय स्वतःच्या नावाने चालत असेल तर ट्रेडमार्क नोंदणी म्हणूनच उपयोगी पडते.

सर्वांत मोठा धोका विलंबाचा आहे. काढून टाकलेला मजकूर आणि बंद झालेल्या खात्याची नोंदणी-माहिती कंपन्यांनी १८० दिवस जपायची, असे २०२१ चे नियम सांगतात. न्यायालयाने किंवा तपास यंत्रणेने सांगितले तरच ती त्याहून जास्त काळ जपावी लागते. तक्रार अर्ज सहा महिने फायलीत राहिला तर खाते कोणत्या फोन क्रमांकावर उघडले होते, हे सांगणारी नोंदच उरलेली नसते. म्हणून राज्याच्या गृह विभागाला आमची विनंती आहे : गुन्हा नोंदवायचा की नाही हे ठरायच्या आधी, अर्ज आला त्याच दिवशी माहिती जपून ठेवण्याचे पत्र कंपनीला गेले पाहिजे, आणि त्याची प्रत अर्जदाराच्या हाती दिली पाहिजे.

– सायबर कायद्याचे अभ्यासक, पुणे